वॅगन आर चढावर ओढत नाही, रिव्हर्सला कर्र वाजतं: पूर्ण क्लच सेट बदलावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची २००७ ची वॅगन आर आहे, दर आठवड्याला आईला घेऊन भोरला जाता. गेले दोन-तीन महिने जुन्या कात्रज घाटात इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितलाय. या सगळ्यात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: दिवाळीच्या सुमारास गिअर जड पडत होते म्हणून केबल टाइट करून घेतली.

औंधच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडलो त्याला आता २४ वर्षं झाली. सिंहगड रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे आणि जुन्या मारुतींचंच काम जास्त येतं. गाडी समोर नसताना शंभर टक्के सांगता येत नाही, पण तुमच्या जागी मी आधी केबल बघितली असती. गिअरबॉक्स त्यानंतर.

इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवते ती क्लचची प्लेट; पेडल दाबलं की ती सुटते, सोडलं की धरते. क्लचचे आजार मुळात दोन. पेडल सोडलं तरी प्लेट नीट धरत नाही, तो एक. याला आम्ही स्लिप म्हणतो. पेडल पूर्ण दाबलं तरी प्लेट नीट सुटत नाही, तो दुसरा. पहिल्यात इंजिन ओरडतं आणि गाडी मागे राहते, दुसऱ्यात गिअर पडताना कुरकुर होते. दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून एकाच गाडीत दोन्ही दिसले की मला आधी वाटतं की यातला एक आजार नसावाच. तुमच्या बाबतीत तो रिव्हर्सचा आवाज असू शकतो. या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. म्हणजे पुढच्या गिअरना दातांचा वेग जुळवून घ्यायची जी सोय असते, ती इथे नाही. क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स ओढला तर आतलं चक्र अजून फिरत असतं आणि दात दातावर घासतात. उद्या क्लच पूर्ण दाबा, मनात तीन आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज गेला तर तो दोष नव्हता. तीन-चार सेकंद थांबूनही वाजलं तर प्लेट सुटत नाहीये असं समजा.

आता केबल. पेडल पायाने नाही, हाताने दाबून बघा. सुरुवातीचं थोडं अंतर ते अगदी हलकं, रिकामं जातं आणि मग एकदम जड लागतं. त्या रिकाम्या अंतराला प्ले म्हणतात. पेडलशेजारी पट्टी उभी धरून तो मोजा. या गाड्यांत तो साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर असायला हवा. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. प्ले शून्य असेल, म्हणजे बोट टेकवताच जड लागत असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीच्या) बोटांवर, म्हणजे स्प्रिंगच्या पात्यांवर, दाबून बसलेलं असतं. तुम्ही पाय काढलात तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो. सपाट रस्त्यावर ते कळत नाही, कात्रजच्या चढाला कळतं.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही सुरुवातीला होता. प्लेट झिजली की पेडल सैल होत असेल असं वाटतं. होतं उलट. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात आणि प्ले कमी होतो. पेडल बरंच वर आल्यावरच क्लच उचलायला लागतो तो त्यामुळेच. केबल ताणली गेली किंवा तिचे धागे तुटायला लागले तर मात्र प्ले वाढतो, प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर जड होतात. दिवाळीला तुमचे गिअर जड झाले ते बहुधा केबलमुळे. ती टाइट करताना कुणी प्ले मोजला नसेल तर तेव्हापासून क्लच अर्धवट दाबलेल्या अवस्थेत चाललाय.

गिअरबॉक्सच्या बाजूला केबलचं टोक एका लिव्हरला अडकवलेलं असतं आणि तिथेच प्लेचा नट असतो. नट सैल केला की प्ले वाढतो. काम दहा मिनिटांचं आहे, पण इंजिन गार असताना करा. तिथे आहात तोवर केबलचं टोक नीट बघा. तारेचा एक जरी धागा तुटून वर आला असेल तर केबल बदलून टाका. ती घाटात तुटली तर आईला घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागेल. टोक लिव्हरमधून सोडवून केबल हाताने मागेपुढे ओढून बघा. अडखळत असेल तर पेडल जड होण्याचं कारण तीच. आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण तपासतात: नवी केबल काही महिन्यांतच जड होत असेल तर इंजिनची अर्थिंगची पट्टी बघा. ती तुटलेली किंवा गंजलेली असेल तर स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून वाट काढतो आणि आतलं अस्तर जळतं. माझ्याकडे एका मारुती ८०० ला तीन केबल घातल्यावर हे लक्षात आलं होतं.

प्ले बरोबर केल्यावर परीक्षा घ्या. मोकळ्या सपाट जागी, समोर-मागे कुणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच ठीक असेल तर इंजिन लगेच बंद पडेल. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन आरामात चालू राहिलं तर प्लेट धरत नाही. ही परीक्षा एकदाच करा, सारखी केली तर प्लेट जळते. मग एकदा घाट चढून या. इंजिन आणि गाडी बरोबर चालायला लागली तर तुमचा खर्च वाचला.

नाही लागली तर गॅरेजवाला बरोबर आहे, आणि हे मी मनापासून सांगतोय, कारण तीन महिने प्ले नसताना घाटात चालवलेली प्लेट बऱ्याचदा जळून गेलेली असते. चढावर जळक्या कागदासारखा, नाकात बसणारा वास येत होता का, आठवून बघा.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर अर्धं काम करून घेऊ नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, ती एकदाच जाते. बेअरिंग वाचवून नंतर ते ओरडायला लागलं तर पुन्हा सगळं उतरवावं लागतं.

गिअरबॉक्स उतरलाच तर ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्याही बघून घ्या. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. गॅरेज सुरू करून वर्ष झालं होतं. सासवडच्या एका निवृत्त शिक्षकांची झेन आली. दिवे घाटात स्लिप होत होती. प्लेट काढली तर कडेला काळा, ओलसर पट्टा होता. मी हात पुसला, नवी प्लेट बसवली आणि गाडी दिली. तीन आठवड्यांत ते परत आले, गाडी पहिल्या गिअरला थरथरत होती. नवी प्लेट उतरवली तर त्याच जागी तेलाने चमकत होती. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गळत होतं, ते मी बदललंच नव्हतं. पुढची प्लेट आणि मजुरी मी माझ्या खिशातून भरली. सर एक शब्द वाकडं बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून गिअरबॉक्स खाली आला की मी इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून आत जाणाऱ्या दांड्याचं) सील दोन्ही बोट फिरवून तपासतो. काळं आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल, घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. तेल आत मुरलेलं असतं, प्लेट गरम झाली की पुन्हा बाहेर येतं.

मेकॅनिकला फ्लायव्हील, म्हणजे प्लेट जिच्यावर टेकते ती इंजिनची जड चकती, दाखवायला सांगा. निळसर डाग किंवा रिबिटांनी पाडलेल्या खाचा असतील तर ते लेथवर घासून घ्यावं लागेल. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना ताकद देणारे दांडे) काढताना गिअर ऑइल सांडतं, ते परत पूर्ण भरलं का हेही विचारा. सामान स्वतः आणायचं असेल तर नाना पेठेत जुनी प्लेट सोबत घेऊन जा आणि स्प्लाइनचे, म्हणजे प्लेटच्या मधल्या भोकातले, दात मोजून जुळवा. डब्यावरच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका.

कुणाची सुमोसारखी गाडी असेल आणि तिचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, असेल, तर केबलच्या जागी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर असतात. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडत असेल तर ऑइल कमी आहे किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. तिथेही गिअरबॉक्स लगेच उतरवायचं कारण नाही.

नवा सेट बसवलात तर पहिले पाचएकशे किलोमीटर घाट टाळा, भोरला जायचंच असेल तर नव्या बोगद्याने जा. नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा आणि पाय क्लचवरून पूर्ण काढा.

रविवारी सकाळी गाडी गार असताना पट्टी घेऊन प्ले मोजा आणि किती मिलिमीटर भरला ते या उत्तराखाली लिहा. चौथ्या गिअरच्या परीक्षेत इंजिन बंद पडलं की चालू राहिलं, तेही लिहा. मी संध्याकाळी बघतो.