रिपोर्ट नॉर्मल आहे, मग एवढे जपायचे कशासाठी?

प्रश्न : माझ्या यजमानांना रक्ताचा कर्करोग झाल्यामुळे त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मूळपेशी घेऊन बोन मॅरो ट्रान्सप्लांट केले, त्याला आता पाच महिने झाले. परवा पांढऱ्या पेशी ६,२०० आल्या, तरीही डॉक्टर पुतणीच्या लग्नाला जाऊ देत नाहीत. नातेवाईक म्हणतात, उगाच बाऊ करता. आम्ही काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : डॉक्टरांचेच ऐकावे. ६,२०० ही पांढऱ्या पेशींची नुसती शिरगणती आहे. त्यांतल्या कोणत्या पेशी लढायला तयार झाल्या आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जिवाणूंवर तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी साधारण दोन ते चार आठवड्यांत येतात आणि रिपोर्ट नॉर्मल दिसतो, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशींचे तसे नाही. त्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत घडतात आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते, म्हणून प्रौढ माणसात नव्या टी पेशी फार सावकाश तयार होतात. त्यातही इतर पेशींना कामाला लावणाऱ्या सीडी४ पेशी पुरेशा व्हायला कित्येकदा वर्षाहून अधिक काळ जातो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींची घडी नीट बसायलाही एक-दोन वर्षे लागू शकतात. शिवाय बहिणीच्या पेशींनी यजमानांच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर हा काळ आणखी लांबतो. ती औषधे मात्र मनाने कधीही बंद करू नयेत.

नातेवाइकांना एक गोष्ट आवर्जून सांगावी : लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षण आता बहुतांशी गेलेले असते. लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात, आणि गोवराची लस तर जिवंत विषाणूंची असल्याने निदान दोन वर्षे देता येत नाही. मांडवात एखाद्या मुलाला गोवर किंवा कांजिण्या उमटणार असतील, तर अंगावर पुरळ येण्याआधीच ते मूल संसर्ग पसरवू लागलेले असते. म्हणूनच मला हा धोका पत्करण्याजोगा वाटत नाही.

पुढच्या भेटीत सीडी४ पेशींची तपासणी केव्हा करायची, ते विचारावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे. पुतणी आणि जावईबापूंना लग्नानंतर, सर्दी-खोकला नसताना, डॉक्टरांना विचारून घरीच बोलवावे.