एक बीट धर

चि. बाळ,

माजी विद्यार्थी मेळाव्याहून घरी गेल्यावर तू पाठवलेला लांबलचक मेसेज वाचला. सत्कार झालेले आपल्या शाळेचे सगळे पत्रकार टीव्हीवर दिसणारे, रेडिओवर ऐकू येणारे. आणि तू मात्र ठाण्यातली नालेसफाई आणि पाणीकपात लिहितेयस. आता चॅनेलने अँकर म्हणून बोलावलंय, तर जाऊ का, असं विचारतेस. अगं, अँकर हो नाहीतर पेपरात राहा. तुझं बीट, म्हणजे रोज पाठपुरावा करायचं ठरलेलं क्षेत्र, कुठलं, ते आधी सांग.

बीट धर. मागेही म्हणालो होतो, तेव्हा "हो काका" म्हणून तू विषय बदललास.

महापालिका तुला किरकोळ वाटते. ठाण्याला नगरपालिका मिळाली १८६३ मध्ये आणि १८६६ मध्ये 'अरुणोदय' इथूनच निघू लागलं. गावाचा कारभार आणि गावातलं वर्तमानपत्र इथे जवळपास जोडीनेच आले. या कामाला कमी लेखू नकोस.

महासभेची विषयपत्रिका हातात पडली की सगळे पहिल्या पानावरचा मोठा प्रकल्प उचलतात. तू शेवटाकडून वाच. 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाले की जागेवरून हलू नकोस. तोवर कॅमेरेवाले बाईट घेऊन गेलेले असतात, सभागृहात गलका असतो आणि त्या गलक्यातच "मंजूर, मंजूर" ऐकू येतं. कुठला रस्ता, ठेकेदार कोण, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायची मुदत) किती, सगळं वहीत उतरव. पुढच्या पावसाळ्यात तोच रस्ता उखडला की बाकीच्यांकडे खड्ड्याचा फोटो असेल, तुझ्याकडे बातमी असेल. नंतर सचिव विभागातून इतिवृत्त मागून घे आणि सभेत ऐकलेल्याशी ताडून बघ. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर नगरसेवकच उरले नाहीत, सगळे ठराव प्रशासकाच्या सहीने होऊ लागले. अशा वेळी विचारायला बीटवरच्या वार्ताहराशिवाय असतं कोण?

ठाण्यातल्या शीळची बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली. ७४ माणसं गेली. चॅनेलांच्या थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची, ओबी व्हॅनची, रांग लागली. ते त्यांचं कामच होतं, मी नावं ठेवत नाही. पण वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबं राहायलाही आली होती, ती बातमी इमारत उभी असताना व्हायला हवी होती. ती त्या रस्त्याने कायम जाणाऱ्यालाच सापडते. चहावाला, वॉचमन, वॉर्ड ऑफिसातला शिपाई यांना ज्याचं नाव माहीत आहे, त्याला. म्हणून बीट.

मलाही चॅनेलचं बोलावणं आलं होतं. गेलो नाही. माझ्याच वर्गातला मित्र आकाशवाणीवर सात पाचच्या बातम्या वाचायचा, तेव्हा आई रेडिओचा आवाज वाढवायची आणि माझ्याकडे बघायची. एक शब्द बोलायची नाही. तिच्या हयातीत माझा आवाज त्या रेडिओतून आला नाही, याची हळहळ आहेच. तरी उद्या पुन्हा बोलावलं तरी मी महासभेच्या पत्रकार कक्षातच बसेन. ठाणे मी सोडलं नाही म्हणूनच अधिकारी माझा फोन उचलतात. हट्ट म्हण हवं तर.

आणि मेकअप, टेलिप्रॉम्प्टर यांचं कौतुक मला सांगू नकोस! आयुक्त समोर बसले की पहिला प्रश्न कुणीही लिहून देईल. ते गुळमुळीत उत्तर देतील, तेव्हा दुसरा प्रश्न तुझा तुलाच सुचायला हवा. तो बीटवर घालवलेल्या वर्षांतूनच येतो.

तेव्हा चॅनेलला फोन कर आणि विचार, ठाणे-नवी मुंबई माझ्याकडे राहणार का, आठवड्यातून किती दिवस बाहेर सोडणार. हो म्हणाले तर खुशाल जा. लेखी हातात आल्याशिवाय मात्र इथला राजीनामा देऊ नकोस. नवी मुंबई घेतलीस तर सिडको आणि महापालिका, दोन्हीकडे ओळखी लागतील; भूखंड एकीचा, पाणी दुसरीचं. दोघींची मुख्यालयं बेलापुरातच आहेत. या आठवड्यात सवड काढ, मी सोबत येतो. सिडको भवनात कुणाला भेटायचं ते दाखवतो.

तुझा,
काका