वाचकांचे प्रश्न : तिकोनी रानाचे क्षेत्र

प्रश्न : वाटणीत आलेले आमचे रान तिकोनी आहे. टेपने तिन्ही धुरे मोजले, ते 130, 140 आणि 150 मीटर भरले. आजोबांनी गावातल्या रीतीप्रमाणे दोन धुऱ्यांची सरासरी काढून ती तिसऱ्याच्या निम्म्याने गुणली आणि क्षेत्र 98 आर सांगितले. सातबाऱ्यावर मात्र 84 आर आहेत. खरे कोणते?
— इयत्ता दहावीचा विद्यार्थी, सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर : सातबारा बरोबर आहे. आजोबांची रीत म्हणजे समोरासमोरच्या धुऱ्यांच्या सरासऱ्यांचा गुणाकार. तिकोनात तिसऱ्यासमोर धुराच नसतो, म्हणून त्याचे निम्मे घेतात. ही रीत चारही कोपरे काटकोनी असलेल्या चौकोनी रानासाठी चांगली चालते. तिकोनी रानात मात्र ती क्षेत्र नेहमीच वाढवून दाखवते. त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले लंबाची उंची, भागिले दोन. आणि कोपऱ्यापासून समोरच्या धुऱ्यापर्यंतचे सर्वांत कमी अंतर हाच लंब असल्यामुळे, तिरप्या धुऱ्यांची सरासरी कधीही त्याच्याइतकी कमी येऊ शकत नाही.

आता ती उंची काढू. 140 मीटरचा धुरा पाया धरा आणि समोरच्या कोपऱ्यातून त्यावर लंब टाका. 130 मीटरचा धुरा जिथे पायाला मिळतो, त्या टोकापासून लंब क्ष मीटरवर पडतो असे माना. म्हणजे दुसऱ्या टोकापासून तो (140 − क्ष) मीटरवर असेल. दोन्ही बाजूंना काटकोन त्रिकोण तयार झाले आणि लंब दोघांचा एकच आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने

130² − क्ष² = 150² − (140 − क्ष)²

हे समीकरण मिळते. वर्ग दिसताच पुष्कळ विद्यार्थी इथेच पेन खाली ठेवतात, पण कंस सोडवून तर पाहा : उजवी बाजू 2900 + 280क्ष − क्ष² अशी होते, दोन्हीकडचा क्ष² निघून जातो आणि 280क्ष = 14000 एवढेच उरते. क्ष = 50. कंसाबाहेरच्या वजाने आतल्या तिन्ही पदांची चिन्हे बदलतात, हे मात्र विसरू नका. उत्तरपत्रिकांत याच पायरीवर गुण जाऊ शकतात. पुढे लंबाचा वर्ग 16900 − 2500 = 14400, म्हणून लंब 120 मीटर, आणि क्षेत्रफळ 140 × 120 ÷ 2 = 8400 चौरस मीटर, म्हणजेच 84 आर.

तिन्ही बाजूंवरून थेट क्षेत्रफळ देणाऱ्या हीरोच्या सूत्राने पडताळून पाहा : अर्धपरिमिती 210, त्यातून एकेक बाजू वजा केली की 80, 70 आणि 60, आणि 210 × 80 × 70 × 60 यांचे वर्गमूळ पुन्हा 8400 येते. पण आजोबांना पटवायचे असेल तर सूत्रापेक्षा रानातच चला. 140 मीटरच्या धुऱ्यावर, तो 130 मीटरच्या धुऱ्याला मिळतो त्या टोकापासून 50 मीटरवर खुंटी ठोका आणि तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणा. 120 मीटर भरतील. ते गुंठ्यांत विचारतील, तर 33 फूट बाय 33 फुटांच्या हिशेबाने हे रान सुमारे 83 गुंठे, म्हणजे 2 एकर 3 गुंठे आहे.

प्रश्न : (2, 1), (4, 7) आणि (8, 3) हे शिरोबिंदू असलेल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ निर्देशकांच्या सूत्राने माझे −16 येते. चूक कुठे आहे?
— एक विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : आकडेमोडीत चूक नाही. तुम्ही बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घेतले, म्हणून ऋण चिन्ह आले. उलट दिशेने घेतले असते तर +16 आले असते. क्षेत्रफळ 16 चौरस एकक लिहा. उत्तर शून्य आले, तर मात्र तिन्ही बिंदू एकाच रेषेत आहेत असे समजावे.

प्रश्न : आमच्या चौकोनी रानाचे चारही धुरे 100 मीटरचे आहेत. क्षेत्र 1 हेक्टर धरावे का?
— एक शेतकरी, कन्नड

उत्तर : एवढ्या मापांवरून धरू नये. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार पक्का होतो, चौकोनाचे तसे नाही. खाटेची चौकट ढिली झाली की लाकडे तेवढीच राहूनही ती तिरपी होते, तसे रानही तिरपे असू शकते. चारही बाजू 100 मीटर आणि कर्ण 192 व 56 मीटर असलेल्या रानाचे क्षेत्र 192 × 56 ÷ 2, म्हणजे 5376 चौरस मीटर, जेमतेम 54 आर भरते. तुमच्या घाटाखाली, चाळीसगावाजवळच्या पाटण येथे गणिती भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्याला पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. प्रश्न विचारण्यात तुमचे काहीच चुकले नाही, परंतु उत्तर देताना हा इशारा मला पाळलाच पाहिजे. तेव्हा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये टेप धरून एक कर्ण मोजा. त्याने रानाचे दोन त्रिकोण होतील आणि सेनगावच्या विद्यार्थ्याला सांगितलेली रीत दोन्हींना लागू पडेल. कर्ण 141 मीटर 42 सेंटिमीटर भरला, तरच तुमचे रान चौरस आहे आणि क्षेत्र 1 हेक्टर आहे.