मक्यातील अळी, पांढरे पुंजके आणि ट्रायकोकार्ड

प्रश्न: मक्याच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) अळ्या दिसल्यावर ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा हा इवलासा मित्रकीटक ज्यातून बाहेर पडतो ती कार्डे, लावली, तरी पाने खाणे थांबले नाही. एवढासा कीटक शेतभर किडी शोधणार तरी कसा? काही सुस्त अळ्यांशेजारी कापसासारखे बारीक पुंजके आहेत. ती अळीची अंडी समजून फवारणी करावी का?

उत्तर: आधी पुंजक्यांचे, कारण घाई तिथेच होते. फवारू नका आणि चिरडूही नका. अंडी पतंग घालतो, अळी नाही. ते बहुधा कोटेशियासारख्या परोपजीवी गांधीलमाशीचे कोष आहेत. जातीनुसार पांढरे किंवा पिवळसर दिसतात. तिची मादी अळीच्या अंगात अंडी घालते, पिल्ले आतून अळीवरच पोसतात आणि बाहेर पडून कोष विणतात. म्हणजे न सोडताच मित्रकीटक तुमच्या शेतात पोचले आहेत.

ते पोचतात पिकाच्या वासावरून. अळी लहान, पोंग्यात दडलेली; तिचा स्वतःचा वास लांबवर जात नाही. पान कसेही फाटले तरी हिरवा वास लगेच सुटतो, पण त्यावरून अळीचा पक्का पत्ता लागत नाही. अळी पान खाताना तिच्या तोंडातला स्राव जखमेत उतरतो आणि काही तासांत झाड निराळ्याच गंधद्रव्यांचे मिश्रण सोडू लागते, अगदी न खाल्लेल्या पानांतूनही. टर्लिंग्ज, टम्लिन्सन आणि ल्युईस या संशोधकांनी 1990 मध्ये हे मक्याच्या रोपांवरच दाखवले. नुसते ओरखडे काढून हा वास फारसा सुटला नाही. ओरखड्यांवर अळीच्या तोंडातला स्राव लावल्यावर मात्र सुटला. त्या स्रावातले ‘व्हॉलिसिटिन’ हे द्रव्य 1997 मध्ये ओळखले गेले. तंबाखूवर तर कोणती अळी खाते आहे त्यानुसार वास बदलतो, आणि कार्डिओकायलिस ही गांधीलमाशी आपल्या उपयोगाच्या अळीने खाल्लेले रोप बरोबर निवडते. शिवाय बऱ्याच परोपजीवी माद्या अनुभवाने शिकतात: ज्या वासापाशी अळी सापडली, त्याच वासामागे पुढच्या वेळी जातात.

मग कार्डे का चालली नाहीत? ट्रायकोग्रामा अळीवर जातच नाही, ती फक्त अंड्यांवर जगते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा कीटक मादी पतंगाचा कामगंध (नराला बोलावणारा वास) आणि तिच्या पंखांवरून गळलेले खवले यांवरून अंड्यांचा माग काढतो. एक जात तर अंडी घालायला निघालेल्या कोबीवरील फुलपाखराच्या अंगावर बसूनच पानापर्यंत जाते! तेव्हा कार्ड लावायची वेळ म्हणजे कामगंध सापळ्यात पतंग येऊ लागले किंवा पहिले अंडीपुंज दिसले ती. पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, उन्हाची वेळ टाळून लावा. कार्डावर मुंग्या चढू नयेत, याकडे लक्ष ठेवा.

असा वास बाहेरून फवारून मित्रकीटक बोलवावेत का, असेही विचारले जाते. माझे मत: सध्या त्यामागे लागू नका. वास आहे आणि अळी नाही, असे वारंवार घडले तर शिकणारी गांधीलमाशी त्या वासाला दाद देईनाशी होते. त्यापेक्षा बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलोऱ्यावर येऊ द्या. प्रौढ गांधीलमाश्यांना मधुरस लागतो.

एक लक्षात ठेवा, आत पिल्ले वाढत असलेली अळीही काही दिवस खातच राहते. म्हणून निर्णयाआधी वेगवेगळ्या भागांतून अळ्या गोळा करा, जाळीच्या झाकणाच्या डब्यांत एकेक ठेवा, रोज ताजी पाने घाला. बऱ्याच डब्यांत कोष निघाले तर थांबा. निघालेल्या माश्या शेतातच सोडा. कोष निघत नसतील आणि नवीन पोंगे खाल्लेले दिसत असतील, तर फक्त त्या पोंग्यांत बीटीसारखे जैविक कीटकनाशक वापरा. सरसकट सगळ्या किडी मारणारे औषध घेतले तर पिकाचा वास सुटत राहील, पण त्यावर येणारे कीटक उरणार नाहीत.