आधी चष्मा, मग पाटी

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. आमच्या अशोक चौकाजवळच्या चार विडी कामगार बायकांना लिहा-वाचायला शिकवावं असं मनात आहे. एकीला इंग्रजी बोलायचंय. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका, आधी चौघींचे डोळे तपासून घ्या. चाळिशी उलटली की जवळचं धूसर दिसतं. मी एका मावशींना दोन महिने ‘लक्षच देत नाहीत’ म्हणत होते. चष्मा आला आणि आठवड्यात त्या ओळ वाचू लागल्या. त्याची खंत मला अजून आहे.

अ-आ-इ-ई नको. त्यांचं नाव असलेलं पासबुक घ्या, नावातली अक्षरं सुटी करा, त्यांतूनच नवे शब्द जुळवा. घरी तेलुगू बोलत असतील तर मराठी कानाला ओळखीची असते, लिपी मात्र परकी. तेंदूपत्ता कात्रीने नेमका कापणारी बोटं पेन इतकं आवळतात की कागद फाटतो; म्हणून पाटी-खडूच द्या. वेळ विड्या कारखान्यात देऊन आल्यावरची. हजार विड्या वळायच्या असताना मधेच कुणी बसणार नाही.

इंग्रजीसाठी व्याकरण नको. तिला कुणाशी बोलायचंय ते विचारा. नातवाच्या शाळेत बोलायचं असेल, तर तुम्ही टीचर व्हा आणि ‘ही हॅज फीव्हर टुडे’ तिच्याकडून दहादा म्हणवून घ्या.

केंद्राच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढच्यांना स्वयंसेवकच शिकवतात. मानधन नाही, पण परीक्षेत पास झालं की शिकणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. जवळच्या शाळेत चौकशी करा.