के-रास वाचायला घेतलंस? मग आधी एवढंच

खानापूरहून येताना बसमध्येच वाचतेस म्हणालीस, म्हणून थोडक्यात. सगळे पाथवे, म्हणजे पेशीतले निरोपाचे मार्ग, पाठ करत बसू नकोस गं. मीही पहिल्या वर्षी भिंतभर तक्ता चिकटवला होता. शेवटी त्यावर कॅलेंडर लागलं.

पहिली चूक: के-रास हे नाव जीनचंही आणि त्याच्या प्रोटीनचंही, म्हणून दोन्ही एकच समजणं. जीन 12व्या क्रोमोसोमवर असतं. पेशीला वाढण्याचा निरोप पुढे देतं ते त्याचं प्रोटीन, पेशीच्या पडद्याला आतून चिकटून.

दुसरी, जिथे तोंडी परीक्षेत निम्मे घसरतात: जीटीपी (पेशीतला एक छोटा रेणू) धरलं की प्रोटीन चालू, जीडीपी (त्याचंच एक फॉस्फेट कमी झालेलं रूप) धरलं की बंद. जीटीपी इथे प्रोटीनला फॉस्फेट देत नाही, नुसतं खाचेत बसतं.

आणि के-रासमधल्या 'जी12डी' या बदलातला 12 क्रोमोसोमचा नव्हे! प्रोटीनच्या साखळीतलं 12व्या जागचं ग्लायसीन जाऊन अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं, इतकंच. मग जीटीपी नीट मोडून जीडीपी होत नाही, बटण चालूच अडकतं. कॅन्सरशी नातं इथलं.

वहीत एकच ओळ काढ, न बघता, बाणांसकट, निरोप ज्या क्रमाने पुढे जातो त्या प्रोटीनांची: ईजीएफआर, रास, राफ, मेक, अर्क. के-रासच्या 4ए-4बी या दोन रूपांचं नंतर बघू. शनिवारी टिळकवाडीत ये, वही घेऊन. तुझ्या कन्नड मैत्रिणीलाही आण, तीही त्या 12वरच अडलीय.