तो कात आणि ती कात

कुडाळहून एका वाचकाने विचारलंय: पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या इटालियन चित्रकाराच्या ‘पुनरुत्थान’ या चित्राविषयी बोलताना वक्ते म्हणाले, ‘ख्रिस्ताने मृत्यूची कात टाकली.’ हा प्रयोग बरोबर आहे का? आणि ही कात म्हणजे विड्यातलाच कात का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण गंमत तिथे आहे. विड्यातला *तो* कात, सापाची *ती* कात. तो आला ‘क्वाथ’पासून. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, अर्क आटवून करतात तो. कढणं आणि काढा ही त्याचीच भावकी. ती मात्र ‘कृत्ति’, म्हणजे कातडं. रात्रि, रत्ति, रात. तसंच कृत्ति, कत्ति, कात. स्त्रीलिंगसुद्धा टिकलं! कुणकेश्वराला अभिषेक चालू असताना रुद्रातलं ‘कृत्तिं वसान आचर’ कधी नीट ऐकलंय? कातडं पांघरून ये, अशी ती शंकराला विनवणी. त्यावरूनच तो कृत्तिवास. गडग्याच्या चिऱ्यांत अडकून वाऱ्यावर हलणारी लांबड्याची, म्हणजे सापाची, कात आणि महादेवाचं पांघरूण, दोन्हींचं नाव एकच. हे उमगलं त्या दिवशी घरी येईल त्याला मी हेच सांगत होतो.

काही जण ठासून सांगतात की खैराच्या कातासारखा रंग, म्हणून सापाची कात. त्यांनी कात हातात धरून पाहिलेलीच नाही. ती पांढुरकी, पारदर्शक असते, डोळ्यांवरच्या खपल्यांसकट निघते. तपकिरी कुठून आणलीत? आणि लिंग का बदललं, याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही.

आता पहिला प्रश्न. हल्ली एसटी स्थानकाला रंग दिला तरी बातमी येते, ‘स्थानकाने कात टाकली’. आतून नवी त्वचा तयार झाली की जुनी सुटते, ती कात. वरून रंग फासणं म्हणजे नेमकं उलटं. शिवाय कात टाकताना साप मरत नाही. मेलेला साप कात टाकत नाही.

पिएरोचं चित्र तर साक्षच देतं. इटलीत सानसेपोल्क्रो गावातल्या त्या भित्तिचित्रात ख्रिस्त थडग्याच्या काठावर पाय ठेवून उभा आहे, पुढे शिपाई झोपलेत, आणि त्याच्या कुशीतली जखम तशीच दिसते आहे. कात टाकली असती तर जखमेचा व्रण उरला असता का? तीच कातडी, तीच जखम घेऊन तो उठलाय. उत्थान म्हणजे उठणंच. आपलं ‘उठणे’ त्याच ‘उत् + स्था’मधून आलंय. वक्त्यांनी साधं ‘ख्रिस्त मेलेल्यांतून उठला’ म्हणावं.

चित्रातच आणखी एक शब्द मिळतो. ख्रिस्ताच्या एका बाजूची झाडं निष्पर्ण, दुसऱ्या बाजूची पानांनी भरलेली. त्या झाडांना पालवी फुटली म्हणा. पल्लवापासून पालवी, पण ‘पालव’ म्हणजे पदर तोही याच घरातला की नाही, ते पुढच्या वेळी.